मामाचा स्टोव्ह आणि माझा तारेचा ब्रश

मराठी विभागाची संपादिका माझ्याच मजल्यावर, समोरच्या खोलीत राहते. त्यामुळे 'लेख दे' या तगाद्यातून सुटका नव्हती. आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी तिसरी भाषा होती आणि आमच्या बाई माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई संपवायच्या. तेव्हा इथे काही चुकलं असेल तर प्रुफं तपासणाऱ्यांना पकडावं. कविता मला येत नाहीत. प्रवासवर्णन लिहावं तर अमेरिकेत जाऊन मी तीन आठवडे एका घरातच होते. म्हणून त्या घरात ज्या गोष्टीपायी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली तीच लिहिते : लाकडाच्या स्टोव्हमधल्या उत्प्रेरकाची सफाई. मेकॅनिकल आणि केमिकलवाल्यांना यात सिलॅबसशी नातं सापडेल. बाकीच्यांनी गोष्ट म्हणून वाचावं.

झालं असं की डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या मामाचं मणक्याचं ऑपरेशन झालं. मामा-मामी व्हरमाँट राज्यात जेरिको नावाच्या लहानशा गावात राहतात. मामेभाऊ दूर कॅलिफोर्नियात. मामीला मदत म्हणून आई निघाली, आणि एकटीने विमान बदलायची तिला भीती वाटते म्हणून सेमिस्टर संपल्या संपल्या मीही. (जेरिको याच गावात विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला होता. हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. बर्फ बघून पहिले दोन दिवस मी वेड्यासारखे फोटो काढले, त्यांपैकी एकही त्याच्यासारखा आला नाही.)

मामाला जिना चढायला बंदी, म्हणून त्याचा पलंग खाली दिवाणखान्यात आणलेला. तिथेच तो स्टोव्ह. आपल्या रॉकेलच्या स्टोव्हसारखा नाही. ओतीव लोखंडाची मोठी पेटी, पुढे काचेचं दार, मागून वर गेलेलं धुराडं. घरात प्रोपेनवर चालणारी हीटिंगची यंत्रणा आहे, पण गॅस महाग आणि तिचा पंखा विजेवर चालतो. ओला बर्फ पडला की झाडाच्या फांद्या तारांवर मोडून पडतात आणि वीज जाते. तेव्हा रात्री उणे बारा-तेरा अंशांत एवढी एकच पेटी घर जगवते. मामाच्या पाठीला थंडी सोसत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काकडून अंग आखडू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं, आपण कर्तृत्व दाखवावं. लाकूड घालायला मी स्टोव्हचं दार उघडलं आणि आतून धुराचा लोट थेट तोंडावर आला. क्षणात खोली भरली. छताला लावलेले अलार्म एकामागून एक केकाटायला लागले. मामीने खिडक्या सताड उघडल्या. बाहेर उणे नऊ. कमरेला पट्टा बांधलेल्या मामाला आईने आणि मी दोन्हीकडून धरून स्वयंपाकघरात नेलं. तो खोकत होता आणि प्रत्येक खोकल्याला टाके धरून कळवळत होता. खोकला थांबल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "बायपास उघडला होतास का गं?"

"कुठला बायपास?"

"मेकॅनिकलला आहेस ना तू?"

इथे थोडं थांबून हा स्टोव्ह चालतो कसा ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण खरं तर तापलेल्या लाकडातून वायू निघतात आणि ते वायू जळतात. विस्तव मंद असला तर त्यातले कितीतरी वायू न जळताच धूर होऊन निघून जातात : कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बनं, डांबरासारख्या पदार्थांची वाफ. धूर म्हणजे वाया गेलेलं सरपणच. ही वाफ धुराड्याच्या गार भिंतीवर गोठली की काळा चिकट थर जमतो, त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि एखाद्या दिवशी तो थर पेटला की धुराडंच पेटतं. हा धूर नुसत्या उष्णतेने जाळायचा तर साधारण ५४० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. मंद विस्तवात एवढं तापमान कुठून आणायचं? म्हणून वाटेत उत्प्रेरक बसवतात. त्याच्या पृष्ठभागावर तोच धूर साधारण २६० अंशांपासून पेट घेतो. घाट चढून जाण्याऐवजी बोगद्यातून जाण्यासारखं आहे. डोंगर तोच, पलीकडचं गाव तेच, चढ फक्त वाचला. ॲक्टिव्हेशन एनर्जी मला खऱ्या अर्थाने तिथे समजली. परीक्षेत मी त्याची आकृती पाठ करून काढली होती.

हा उत्प्रेरक, म्हणजे कम्बस्टर, दिसायला अगदी साधा. मामाकडचा विटेएवढा, दोन इंच जाड, सिरॅमिकचा आणि आरपार चौकोनी भोकांचा. बुंदी पाडायचा झारा चौकोनी भोकांचा आणि दोन इंच जाड असता तर असाच दिसला असता. चौरस इंचात सोळा भोकं. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप आणि त्या लेपात पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण. सगळं काम या लेपाचं. सिरॅमिक म्हणजे नुसती भिंत, लेप टांगायला. हे जाळीदार सिरॅमिक न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात मोटारींच्या धुरासाठी तयार केलं आणि पुढे ते लाकडाच्या स्टोव्हमध्ये आलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या त्या थंड भागात घरोघर लाकडाचे स्टोव्ह बसले होते आणि दऱ्याखोऱ्यांतली गावं धुराने भरून जात होती. शेवटी १९८८ साली त्यांच्या पर्यावरण संस्थेने स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली.

त्या नियमातली एक गोष्ट मला फार आवडली. १९९० पासून लागू झालेल्या टप्प्यात साध्या स्टोव्हला ताशी ७.५ ग्रॅम कणांची मुभा होती आणि उत्प्रेरकवाल्याला फक्त ४.१. म्हणजे ज्याने जास्त चांगलं यंत्र लावलं त्यालाच कडक नियम! कारण असं की उत्प्रेरक वापरात हळूहळू मंदावतो हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. नवा असताना भरपूर चांगला असला तरच जुना झाल्यावर बरा राहील. (२०१५ च्या नियमाने नव्या स्टोव्हसाठी हा भेद गेला आणि २०२० पासून मर्यादा आणखी खाली आली.) पण किती लवकर मंदावेल हे घरातल्या माणसाच्या हातात असतं, आणि मामाच्या घरात त्या आठवड्यात ते हात माझे होते.

तर बायपास. स्टोव्हच्या आत धुराला दोन वाटा असतात. एक सरळ धुराड्यात, दुसरी कम्बस्टरच्या भोकांमधून. बाजूच्या दांडीने पहिली वाट उघडते आणि मिटते. पेटवताना आणि लाकूड घालताना सरळ वाट उघडायची. विस्तव चांगला धरला, तापमापकाचा काटा ५०० फॅरनहाइटच्या (म्हणजे २६० सेल्सिअसच्या) वर जाऊन वीसेक मिनिटं टिकला, की ती मिटायची आणि धूर भोकांतून जाऊ द्यायचा. सरळ वाट मिटलेली असताना दार उघडलं तर धुराला सोपी वाट म्हणजे तुमचं तोंड. हे कळलं. पण मामा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून विचार करत होता. म्हणाला, "तरीसुद्धा एवढा धूर यायला नको. काटा किती होता?"

काटा ४०० च्या पुढे दोन दिवस गेलाच नव्हता. काच काळी पडली होती. बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्यातून पांढुरका दाट धूर. कम्बस्टर नीट चालत असला की जवळजवळ काहीच दिसत नाही, फक्त वाफ. म्हणजे तो चालत नव्हता. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने मामाला वाकताच येत नव्हतं, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीची सफाई राहून गेली होती. निदान तीनदा हंगामात तो डोळ्यांनी तपासावा असं या स्टोव्हच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. इथे एकदाही झालं नव्हतं.

मी लगेच देशी उपाय सुचवला : काढूनच टाकू या. आपल्याकडे बाइकच्या सायलेन्सरचं करतात तसं. मामा म्हणाला, तो काढून किंवा निकामी करून स्टोव्ह चालवणं इथे बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मग सगळा धूर धुराड्यात थिजेल. "तू साफ कर. मी इथून सांगतो."

सफाईचा पहिला नियम म्हणजे वाट बघणं. एक पूर्ण दिवस स्टोव्ह विझवून ठेवला आणि महागड्या गॅसवर घर तापवलं. राखेत निखारे कितीतरी वेळ जिवंत राहतात. वरून गार दिसणारी राख व्हॅक्युम क्लीनरने ओढली तर क्लीनर पेटतो. राख काढायची ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली ठेवायची घराबाहेर, लाकडी ओट्यावर नाही. त्याच दिवशी धुराडं साफ करणारा माणूस येऊन गेला. लांब दांड्यांच्या ब्रशने त्याने वरून खाली बादलीभर काळे चकचकीत तुकडे पाडले. मामीने ती बादली पाहिली आणि काही न बोलता देवाजवळ दिवा लावला. ते सगळं आमच्या डोक्यावर होतं, आम्ही निवांत टीव्ही बघत होतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मास्क, हातमोजे, चष्मा लावून मी आत हात घातला. कम्बस्टरच्या समोरची पत्र्याची पट्टी काढली. (ही पट्टी ज्वाळा थेट कम्बस्टरवर येऊ नयेत म्हणून असते. राखेचं दार उघडं टाकून भपकन जाळ केला की ज्वाळा तिथपर्यंत पोचतात आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो.) बॅटरी मारून पाहिलं तर निम्मी भोकं दिसतच नव्हती. करड्या, पिठासारख्या राखेने लिंपलेली. ही उडती राख. तिने उत्प्रेरक मरत नाही, फक्त झाकला जातो. खिडकीला पडदा लावल्यासारखं.

मला वाटलं, एवढंच ना. धुराडंवाल्याने विसरलेला तारेचा छोटा ब्रश तिथेच पडला होता. उचलला आणि एक सणसणीत हात मारला. राखेबरोबर तपकिरी भुकटी खाली पडली. किती छान निघतंय, असं मी मोठ्याने म्हणाले. पलंगावरून मामा जवळजवळ उठलाच, "थांब! ती घाण नाहीये. तो लेप आहे. पॅलेडियम झाडून टाकतेस तू!"

माझ्या हातातली सगळी शक्ती गेली. भांडं घासताना आपण वरचा थर काढतो आणि खाली भांडं उरतं. इथे वरचा थर हेच भांडं. तो खरवडला की हातात नुसती सिरॅमिकची वीट उरते, दिसायला अगदी लखलखीत आणि कामाला शून्य. नवा कम्बस्टर म्हणजे काही शे डॉलर, आणि नाताळच्या सुट्ट्यांमुळे तो आठवडाभर तरी येणार नव्हता. एका कोपऱ्यात बोटभर पट्टा फिका झाला होता. तो तसाच राहिला. अजूनही असेल.

मग नीट शिकले. मऊ केसांचा रंगाचा ब्रश घ्यायचा आणि तोंडावरची राख नुसती हलवायची, घासायची नाही. व्हॅक्युमला मऊ ब्रशचं तोंड लावून दुरून ओढायची. जी भोकं आतून बंद आहेत त्यांत पाइप साफ करायची लवदार तार हळूच घालायची, न फिरवता, न दाबता. एकेक भोक. फुंकर मारावी तर हवेच्या कॉम्प्रेसरने मारू नये, त्या झोताने सिरॅमिक फुटतं आणि लेपही उडतो. मामाच्या गॅरेजमध्ये झकास कॉम्प्रेसर होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

मागची बाजू तपासायला कम्बस्टर बाहेर काढावाच लागला. त्याच्याभोवती गॅस्केटची पट्टी असते, ती तापल्यावर फुगते आणि फट बंद करते. एकदा फुगलेली पट्टी पुन्हा वापरता येत नाही, बाहेर काढताना तुकडे होतात. म्हणून नवी पट्टी हातात असल्याशिवाय कम्बस्टर काढायचाच नाही. मामाने खणात ठेवली होती. पट्टी न लावता बसवला तर धूर फटीतून शॉर्टकट मारतो आणि आपण म्हणत बसतो, उत्प्रेरक खराब आहे. नवी पट्टी जागेवर धरायला तिच्याभोवती मास्किंग टेप गुंडाळून बसवतात. टेप पहिल्या विस्तवात जळून जाते. मला वाटलं होतं मामा थट्टा करतोय.

बाहेर काढल्यावर एक बारीक तडा दिसला. ओलं लाकूड किंवा अचानक गारवा यामुळे तापलेल्या सिरॅमिकला असे तडे जातात. तुकडा पडलेला नसेल, जाळी धरून असेल तर केसाएवढ्या तड्याने बिघडत नाही. भुगा व्हायला लागला तर मात्र नवा आणावा. एरवी एक कम्बस्टर दहा-बारा हजार तास चालतो. मामाचा सहावा हिवाळा होता.

सगळं परत बसवून पेटवलं. काटा ४५० ला जाऊन बसला. फक्त पन्नासने सुधारणा! मी रडकुंडीला आले. मामाने विचारलं, "गेल्या आठवड्यात यात काय काय जाळलं?"

आता कबूल करायलाच हवं. आल्या आल्या मी घरातले सगळे चकचकीत खोके, नाताळच्या भेटवस्तूंचे रंगीत कागद आणि एक रंगवलेली फळी त्या स्टोव्हमध्ये घातली होती. आजोळी पाणी तापवायचा बंब असतो, त्यात काहीही घातलेलं चालतं : करवंट्या, जुन्या वह्या, तुटका पाट. बंबाला उत्प्रेरक नसतो. रंगातलं शिसं आणि जस्त, कचऱ्यातलं गंधक, फॉस्फरस, क्लोरीन हे त्या पॅलेडियमला चिकटून बसतात. राख झाकते, हे मात्र विष आहे आणि कुठल्याच ब्रशने निघत नाही. आपल्याकडे चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल त्याच वेळी आणावं लागलं ते याच कारणाने. देशभर शिसं जायला २००० साल उजाडलं. हे मी व्हायव्हात फाडफाड सांगितलं होतं. खोके टाकताना आठवलं नाही.

चार-पाच दिवसांच्या खोक्यांनी एवढं बिघडत नाही, अशी मामाने समजूत काढली. राखेतले क्षार लेपात मुरले असतील तर ते निघण्यासारखे असतात. त्यावर उपाय व्हिनेगर. पुन्हा एक दिवस स्टोव्ह गार. आणखी एक गॅस्केट, शेवटचं. कम्बस्टर बुडेल एवढं भांडं हवं होतं आणि तेवढं एकच होतं, मामीचं इडलीपात्र. मामीने साफ नकार दिला. शेवटी गॅरेजमध्ये लॉबस्टर उकडायचं एक जुनं पातेलं सापडलं, पूर्वीच्या घरमालकाचं. (मामी शाकाहारी. ते पातेलं तिने चिमट्याने आत आणू दिलं.) निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, नाहीतर क्षार काढायला बसलो आणि क्षारच घातले असं होईल. मंद उकळीवर अर्धा तास, खळाखळा उकळवायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा. मग ओव्हनमध्ये दीडशे अंशांवर तासभर वाळवायचं, कारण ओला बसवून पेटवला तर आतली वाफ सिरॅमिक फोडते. पाणी चहासारखं तपकिरी झालं. घरभर बिघडलेल्या लोणच्याचा वास. आई दोन तास वरच्या खोलीत जाऊन बसली.

बसवला. पेटवला. ४८०.

त्या रात्री चिपळूणहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. मामाची पाठ, जेवणखाण सगळं विचारून झाल्यावर मी तिला माझं दुःख सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "ते काय फुसफुसतंय गं मागे?"

"स्टोव्ह, आजी."

"मग सरपण ओलं आहे तुमचं. चूल कसली घासताय?"

मामाने डोळे मिटले. फोन ठेवल्यावर त्याने खणातून दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र काढून दिलं. ओंडका वरून मोजायचा नाही, तो वाऱ्याने सुकलेलाच असतो. फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचायच्या. आकडा आला ३१ टक्के. २० च्या खाली हवा. मामाने दरवर्षीप्रमाणे वसंतात लाकूड न घेता, पाठीमुळे उशीर होऊन, ऑक्टोबरमध्ये दोन कॉर्ड घेतलं होतं. (कॉर्ड म्हणजे चार बाय चार बाय आठ फूट रचलेला ढीग.) विकणाऱ्याने वाळलेलं आहे म्हणून सांगितलं आणि त्याने मोजलं नाही. ओल्या लाकडातलं पाणी उकळण्यातच उष्णता जाते. धूर गार राहतो, कम्बस्टर २६० ला पोचतच नाही आणि आपण त्याला दोष देतो. ओंडक्याच्या टोकाला फेस येत होता. आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर. मला तो गमतीदार वाटला होता, मी त्याचाही फोटो काढला होता.

शेडच्या अगदी मागे, ताडपत्रीखाली गेल्या वर्षीचं मेपल आणि बर्च उरलं होतं. बर्फ उकरून मी आणि आईने ते आणलं. १७ टक्के. तासाभरात काटा ५००, मग ७००, मग हजाराच्या पुढे. कम्बस्टर आतून नारिंगी चमकायला लागला. मी धावत अंगणात गेले. धुराड्याच्या तोंडाशी फक्त हवा थरथरत होती. (कम्बस्टर चमकला नाही तरी चालतो बरं का. मंद विस्तवात तो काळाच दिसतो आणि काम करत असतो. भरवसा काट्यावर ठेवायचा.)

आता खरं श्रेय कोणाचं? मऊ ब्रशचं, व्हिनेगरचं की मेपलचं? हे मला सांगता येत नाही, आणि चूक माझीच आहे. सफाई करताना लाकूड तपासलं नाही. लाकूड बदललं तेव्हा सफाई आधीच झालेली. आमचे लॅबचे सर ओरडत असतात की एका वेळी एकच व्हेरिएबल बदला. सर, तेव्हा घरात खरंच थंडी होती. पण क्रम चुकला हे मान्य. आधी पाच मिनिटांत लाकूड मोजायचं, मग गॅस्केट आणि फटी बघायच्या, मग राख झाडायची, आणि व्हिनेगरचं पातेलं सगळ्यांत शेवटी. मी बरोबर उलट्या बाजूने गेले, कारण व्हिनेगरमध्ये मजा होती.

नाताळच्या आदल्या रात्री ओला बर्फ पडला आणि साडेनऊला वीज गेली. गॅसच्या यंत्रणेचा पंखा थांबला तेव्हा घर किती शांत असतं ते कळलं. मामाने पलंगावरून सूचना दिल्या : बायपास उघड, दार आधी फटभर, मग पूर्ण. सहा ओंडके. पंधरा मिनिटं जाळ. आता मीट. हवेची झडप अगदी खाली. या स्टोव्हची खरी कमाल इथेच असते, इतक्या मंद विस्तवातही धूर जळत राहतो आणि एकदा भरलं की रात्र निघते. उठायची कुणाला गरज नव्हती. तरी मी तीनदा उठले, बॅटरीने काटा पाहिला आणि मामाच्या टेबलावरच्या वहीत लिहिला. तो चिप बनवण्याच्या कारखान्यात क्वालिटीवाला आहे, त्यामुळे स्टोव्हचीसुद्धा वही आहे. मामा रात्रभर कूसही न बदलता झोपला होता. मामी म्हणाली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्या पानावर माझ्या अक्षरात असं आहे : रात्री ११ - १०५०. रात्री २ - ९००. पहाटे ५ - ७२०. खोली १९ अंश. बाहेर उणे ११. आणि खाली मामाने नंतर लिहिलेली एक ओळ : तारेचा ब्रश गॅरेजमधून फेकून दिला.